वॉशिंग पावडरमधलं एन्झाइम येतं बॅक्टेरियाकडून! पण ते वेगळं कसं काढतात?

वॉशिंग पावडरच्या पाकिटामागे बारीक अक्षरात घटकांची यादी असते. ती सहसा कुणी वाचत नाही. पण वाचलीत तर त्यात बऱ्याचदा ‘एन्झाइम’ किंवा ‘प्रोटिएझ’ हा शब्द सापडेल. आता घरातला औषधांचा डबा उघडा. सूज आणि दुखण्यावरच्या एखाद्या गोळ्यांच्या पाकिटावर ‘सेराटिओपेप्टिडेज’ असं लांबलचक नाव दिसण्याची बरीच शक्यता आहे.

एक कपडे धुण्यासाठी, दुसरं गिळण्यासाठी. पण दोन्ही एकाच खानदानातली आहेत. दोन्ही बॅक्टेरिया तयार करतात आणि दोन्हींचं काम एकच, प्रथिनं कापणं.

हे एन्झाइम बॅक्टेरिया का बनवतात? हजारो पदार्थांच्या गर्दीतून ते वेगळं कसं काढतात? आणि एवढा खटाटोप करून आपल्याला काय कळतं? समजून घेऊया.

बॅक्टेरियाला पोट नसतं, मग तो जेवतो कसा?

आपण डाळ खातो, ती पोटात जाते आणि तिथे तिच्यातली प्रथिनं पचतात. म्हणजे आधी खाणं, मग पचवणं. बॅक्टेरियाचा क्रम उलटा असतो. तो आधी पचवतो आणि मग खातो.

कारण साधं आहे. प्रथिनाचा रेणू म्हणजे शेकडो अमिनो आम्लांची एकमेकांत गुंतलेली लांब माळ. एवढी मोठी वस्तू बॅक्टेरियाच्या पेशीच्या आवरणातून आत जाऊ शकत नाही. म्हणून बॅक्टेरिया कात्री बाहेर पाठवतो. ही कात्री म्हणजेच प्रोटिएझ, प्रथिनं कापणारं एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला ‘विकर’ म्हटलेलं तुम्हाला आठवत असेल. बाहेर प्रथिनाचे बारीक तुकडे झाले की बॅक्टेरिया ते आत ओढून घेतो.

आता एक शंका येईल. बॅक्टेरिया स्वतःही प्रथिनांचाच बनलेला असतो. मग ही कात्री बाहेर पडण्याआधी त्यालाच का कापत नाही?

कारण ती म्यानात असते. मातीत सगळीकडे सापडणाऱ्या ‘बॅसिलस सबटिलिस’ या बॅक्टेरियाचं उदाहरण घ्या. तो ‘सबटिलिसिन’ नावाचं प्रोटिएझ बनवतो. काम करणाऱ्या सबटिलिसिनमध्ये २७५ अमिनो आम्लं असतात. पण सुरुवातीला तयार होणारी माळ याहून लांब असते. तिचा पहिला तुकडा ‘हिला पेशीबाहेर न्या’ असा पत्ता सांगतो. दुसरा तुकडा एन्झाइमला योग्य आकारात घडी घालायला मदत करतो आणि तोपर्यंत त्याची धार झाकून ठेवतो. पेशीबाहेर आल्यावर एन्झाइम हा तुकडा स्वतःच कापून टाकतं आणि कामाला लागतं.

बॅक्टेरियाची ही सवय माणसाच्या पथ्यावर पडली. एन्झाइम मिळवायला पेशी फोडावी लागत नाही. बॅक्टेरिया ज्या द्रवात वाढतो, त्या द्रवातच ते आयतं येऊन पडतं.

बिअर कंपनीच्या लॅबमध्ये सापडलं एन्झाइम

कपडे धुवायला एन्झाइम वापरण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रोम यांनी १९१३ साली त्यासाठी पेटंट घेतलं. पण त्यांचं एन्झाइम जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं होतं. धुण्याचं पाणी साबण-सोड्यामुळे अल्कधर्मी असतं. अशा पाण्यात ते फारसं टिकत नव्हतं आणि मोठ्या प्रमाणावर मिळवणंही अवघड होतं.

पुढचा धागा सापडला डेन्मार्कमध्ये. कोपनहेगनमधली कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा बिअर बनवणाऱ्या कंपनीने सुरू केली होती. पण तिने विज्ञानाला दिलेल्या गोष्टी बिअरच्या पलीकडच्या आहेत. आम्ल-अल्क मोजण्याची ‘पीएच’ ही मोजपट्टी १९०९ साली याच प्रयोगशाळेतल्या सोरेन्सन यांनी मांडली.

१९४० च्या दशकात इथले शास्त्रज्ञ लिंडरस्ट्रॉम-लँग आणि ओटेसन अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या प्रथिनावर काम करत होते. या प्रथिनाचे एरवी सुईसारखे स्फटिक मिळायचे. त्यांना मात्र चपट्या चकत्यांसारखे स्फटिक मिळाले. शोध घेतल्यावर कळलं की बॅक्टेरियाच्या एका एन्झाइमने मूळ प्रथिनाचा छोटासा तुकडा कापून टाकला होता. हेच एन्झाइम पुढे ‘सबटिलिसिन कार्ल्सबर्ग’ म्हणून ओळखलं गेलं.

१९६० च्या दशकात डेन्मार्कच्याच ‘नोवो’ कंपनीने बॅक्टेरियाचं प्रोटिएझ ‘अल्कलेज’ या नावाने डिटर्जंटसाठी बाजारात आणलं. रक्त, घाम, अंडं, दूध हे डाग मुळात प्रथिनांचे असतात. वाळलेलं प्रथिन कापडाच्या धाग्यांना धरून बसतं आणि सोबत मळही धरून ठेवतं. एन्झाइमने त्याचे तुकडे केले की ते पाण्याबरोबर निघून जातात.

पण ‘शुद्ध’ करायची गरजच काय?

बॅक्टेरिया वाढवलेला द्रव थेट वापरला तर काय बिघडतं? खरं सांगायचं तर वॉशिंग पावडरसाठी फार काही बिघडत नाही. कारखान्यात बॅक्टेरिया गाळून बाजूला काढतात, उरलेला द्रव आटवतात आणि स्थिर करतात. शंभर टक्के शुद्ध एन्झाइमची तिथे गरज नसते. ते परवडणारही नाही.

गरज पडते ती समजून घेताना. बॅक्टेरियाच्या द्रवात एकच एन्झाइम नसतं. दोन-तीन वेगवेगळी प्रोटिएझ, स्टार्च तोडणारी एन्झाइम, रंगद्रव्यं, क्षार आणि बॅक्टेरियाला खायला घातलेल्या अन्नाचे उरलेसुरले अंश असं सगळं त्यात असतं. हा द्रव ६० अंशाला काम करतो, असं दिसलं तर ते काम नेमकं कुणाचं? एकाचं, दोघांचं, की एकमेकांच्या मदतीने? गर्दीत दगड कुणी मारला हे शोधायचं असेल तर एकेकाला बाजूला घ्यावं लागतं. तसंच हे आहे.

शंभर वर्षांपूर्वी याच मुद्द्यावर मोठा वाद झाला होता. एन्झाइम म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हेच तेव्हा ठाऊक नव्हतं. नोबेलविजेते जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलश्टेटर यांचं म्हणणं होतं की एन्झाइम प्रथिन नसतं. त्यांच्या शुद्ध केलेल्या नमुन्यात एन्झाइमचं काम दिसायचं, पण प्रथिन सापडायचं नाही. खरं तर प्रथिन होतं, पण इतकं कमी की त्या काळच्या चाचण्यांना ते दिसत नव्हतं.

अमेरिकेत जेम्स समनर यांनी जॅक बीन या शेंगेच्या दाण्यांतून युरिएज नावाचं एन्झाइम काढायला घेतलं. ही शेंग म्हणजे आपल्याकडच्या अबईची जवळची नातलग. समनर यांचा डावा हात किशोरवयात शिकारीतल्या अपघातात गेला होता. एका हाताने प्रयोग करत, नऊ वर्षांच्या खटपटीनंतर १९२६ साली त्यांनी युरिएजचे शुद्ध स्फटिक मिळवले. ते स्फटिक प्रथिनाचे होते. तरी अनेकांना पटेना. मग १९३० साली जॉन नॉर्थ्रॉप यांनी पेप्सिनचे, म्हणजे आपल्या जठरात प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमचे स्फटिक मिळवले आणि वाद निवळत गेला. दोघांनाही १९४६ साली नोबेल मिळालं.

थोडक्यात, एन्झाइम म्हणजे काय हे कळलं तेच मुळी ते शुद्ध केल्यामुळे.

प्रयोगशाळेत नेमकं काय करतात?

आज बायोटेक किंवा मायक्रोबायोलॉजी शिकणारे अनेक विद्यार्थी हा प्रयोग करतात. पद्धती बदलतात, पण टप्पे साधारण असे असतात.

*१. योग्य बॅक्टेरिया निवडणं.* काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत जेलीसारखं अगार घालतात आणि त्यात दुधाची पावडर मिसळतात. बशी पांढुरकी दिसते. त्यावर मातीतले बॅक्टेरिया वाढवतात. जो बॅक्टेरिया प्रोटिएझ बाहेर सोडतो, त्याच्याभोवती दुधातलं केसिन पचतं आणि पारदर्शक वर्तुळ तयार होतं. अशा वर्तुळावरून उमेदवार निवडतात.

*२. वाढवणं आणि गाळणं.* निवडलेला बॅक्टेरिया पोषक द्रवात, सतत हलणाऱ्या फ्लास्कमध्ये एक-दोन दिवस वाढवतात. मग हा द्रव सेंट्रीफ्यूजमध्ये जोरात फिरवतात. बॅक्टेरिया जड असल्याने तळाशी बसतात आणि वरचा नितळ द्रव काढून घेतात. एन्झाइम या द्रवात असतं. इथून पुढचं काम शक्यतो ४ अंश सेल्सिअसच्या आसपास, थंडीत करतात. कारण प्रोटिएझ ही अशी कात्री आहे की दुसरं काही मिळालं नाही तर ती आपल्याच भावंडांना कापते. नमुना उबेत पडून राहिला तर एन्झाइम एन्झाइमलाच संपवतं.

*३. मिठाने खाली बसवणं.* द्रवात अमोनियम सल्फेट हा क्षार हळूहळू विरघळवतात. क्षार पाण्याचे रेणू स्वतःकडे ओढतो. प्रथिनांना वेढून ठेवणारं पाणी कमी पडतं, ती एकमेकांना चिकटतात आणि गढूळ होऊन खाली बसतात. कोणतं प्रथिन किती क्षाराला खाली बसेल हे वेगवेगळं असतं. त्यामुळे इथे पहिली चाळण लागते आणि लिटरभर द्रवातलं एन्झाइम थोड्याशा साक्यात गोळा होतं.

*४. क्षार काढून टाकणं.* हा साका थोड्या द्रवात विरघळवून एका पातळ पिशवीत भरतात आणि ती पिशवी मोठ्या भांड्यात सोडतात. पिशवीची छिद्रं इतकी बारीक असतात की क्षार बाहेर जातो, पण प्रथिन आत राहतं. श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगल्यावर पाणी निथळून जातं आणि चक्का मागे राहतो, साधारण तसंच. याला डायलिसिस म्हणतात. किडनीच्या रुग्णांचं डायलिसिसही याच तत्त्वावर चालतं.

*५. विद्युतभारानुसार वेगळं करणं.* प्रथिनांवर धन किंवा ऋण भार असतो आणि तो पीएचप्रमाणे बदलतो. उलट भार असलेल्या बारीक मण्यांनी भरलेल्या नळीतून द्रव सोडला की काही प्रथिनं मण्यांना चिकटतात आणि बाकीची वाहून जातात. मग मिठाचं पाणी हळूहळू वाढवत नेलं की चिकटलेली प्रथिनं एकेक करून सुटतात. सुटणारा द्रव छोट्या नळ्यांमध्ये क्रमाने गोळा करतात.

*६. आकारानुसार वेगळं करणं.* दुसऱ्या एका नळीत छिद्रं असलेले मणी भरतात. इथे गंमत आहे. तुम्हाला वाटेल, लहान रेणू आधी बाहेर येतील. पण येतात मोठे! जत्रेत मोठी माणसं सरळ रस्त्याने चालत पुढे जातात आणि पोरं प्रत्येक दुकानात शिरतात. तसे लहान रेणू प्रत्येक मण्याच्या छिद्रात शिरत, रेंगाळत येतात. मोठे रेणू छिद्रात मावतच नाहीत, म्हणून थेट बाहेर पडतात.

*७. खात्री करणं.* शेवटचा नमुना जेलच्या पातळ वडीत ठेवून वीज सोडतात. प्रथिनं आकाराप्रमाणे कमी-जास्त अंतर पळतात. निळा रंग दिल्यावर एकच पट्टा दिसला तर नमुना बऱ्यापैकी शुद्ध आहे असं मानतात. पण तो पट्टा आपल्याच एन्झाइमचा कशावरून? त्यासाठी जेलमध्येच केसिन किंवा जिलेटिन मिसळतात. रंग दिल्यावर सगळी जेल निळी होते, फक्त एन्झाइमने जिथे प्रथिन खाल्लं तिथे पारदर्शक पट्टा उरतो. कात्रीने आपली सही तिथे करून ठेवलेली असते.

सगळा खेळ एका आकड्याचा

प्रत्येक टप्प्यावर दोन गोष्टी मोजतात. नमुन्यात एकूण प्रथिन किती आणि एन्झाइमचं काम किती.

काम मोजण्याची नेहमीची पद्धत अशी. केसिनच्या द्रावणात एन्झाइम घालून ठरावीक मिनिटं ठेवतात. मग तीव्र आम्ल घालतात. न कापलेलं केसिन खाली बसतं, बारीक तुकडे मात्र द्रवात राहतात. ते गाळून त्यात एक रसायन घातलं की निळा रंग येतो. निळा जितका गडद, तितके तुकडे जास्त. हा गडदपणा यंत्राने मोजतात आणि त्यावरून एन्झाइमची ‘युनिट’ काढतात.

आता एक काल्पनिक उदाहरण पाहू.

- सुरुवातीचा द्रव: १००० मिलिग्रॅम प्रथिन, १०,००० युनिट. म्हणजे दर मिलिग्रॅमला १० युनिट.
- अमोनियम सल्फेट आणि डायलिसिसनंतर: २०० मिलिग्रॅम, ७००० युनिट. दर मिलिग्रॅमला ३५.
- विद्युतभाराच्या नळीनंतर: २० मिलिग्रॅम, ४००० युनिट. दर मिलिग्रॅमला २००.
- आकाराच्या नळीनंतर: ५ मिलिग्रॅम, २५०० युनिट. दर मिलिग्रॅमला ५००.

म्हणजे शुद्धता ५० पट वाढली. पण १०,००० पैकी २५०० युनिटच हातात उरली. तीन चतुर्थांश एन्झाइम वाटेत गेलं. शुद्धीकरणात ही घासाघीस कायम चालते. प्रत्येक नवा टप्पा नमुना स्वच्छ करतो आणि थोडा कमीही करतो.

‘दर मिलिग्रॅमला किती युनिट’ हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. एखादा टप्पा वाढवूनही तो वाढत नसेल, तर एक तर एन्झाइम शुद्ध झालंय, किंवा ते वाटेत मरतंय. कोणती शक्यता खरी, हे जेलचा पट्टा आणि उरलेली एकूण युनिट पाहून ठरवतात.

शुद्ध एन्झाइमला कोणते प्रश्न विचारतात?

एन्झाइम एकटं सापडलं की त्याची उलटतपासणी सुरू होते.

कोणत्या पीएचला आणि तापमानाला ते सगळ्यात जास्त काम करतं? आणि त्या तापमानाला ते टिकतं किती वेळ? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पाच मिनिटं जोरात धावणारं एन्झाइम अर्ध्या तासात निकामी झालं, तर धुण्याच्या मशीनमध्ये त्याचा उपयोग नाही.

ते कोणत्या जातीचं आहे? यासाठी त्याला अडवणारी रसायनं वापरतात. पीएमएसएफ नावाच्या रसायनाने काम थांबलं, तर कापण्याच्या जागी ‘सेरीन’ हे अमिनो आम्ल असण्याची शक्यता मोठी. ईडीटीए हे रसायन धातू पकडून ठेवतं. त्याने काम थांबलं तर एन्झाइमला धातूची गरज आहे. सबटिलिसिन पहिल्या जातीचं आहे, सेराटिओपेप्टिडेज दुसऱ्या. त्याला जस्त लागतं.

आणि ते दिसतं कसं? १९६९ साली अमेरिकेत जोसेफ क्राउट यांच्या गटाने सबटिलिसिनची त्रिमितीय रचना उलगडली. कापण्याच्या जागी तीन अमिनो आम्लं एकमेकांना धरून उभी होती. माळेत त्यांचे क्रमांक ३२, ६४ आणि २२१. आश्चर्य म्हणजे आपल्या आतड्यात काम करणाऱ्या कायमोट्रिप्सिन या एन्झाइममध्येही हीच तिन्ही अमिनो आम्लं अशीच मांडलेली आहेत. बाकी दोघांची घडण पूर्ण वेगळी. पक्ष्याला आणि वटवाघळाला वेगवेगळ्या वाटांनी पंख मिळाले, तसं निसर्गाने एकच कात्री दोनदा शोधली. एन्झाइम शुद्ध केलं नसतं तर त्याचे स्फटिक मिळाले नसते आणि हे कधी दिसलंही नसतं.

लोणारचा इथे काय संबंध?

धुण्याचं पाणी अल्कधर्मी असतं, म्हणजे त्याचा पीएच ७ पेक्षा बराच जास्त असतो. अशा पाण्यात टिकणारं एन्झाइम हवं, तर अशाच पाण्यात राहणारा बॅक्टेरिया शोधणं सोयीचं. जपानचे कोकी होरिकोशी यांनी १९७१ साली अल्कप्रेमी बॅसिलसच्या प्रोटिएझवर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि जगभर असे बॅक्टेरिया शोधण्याला वेग आला.

आपल्याकडे असं पाणी बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला आहे. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. त्यातल्या सरोवराचं पाणी खारं आहे आणि त्याचा पीएच १० च्या आसपास मोजला गेला आहे. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं तेव्हाचे फोटो तुमच्याही फोनवर आले असतील. तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून, मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं सांगितलं. याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याआधी लोणारमधल्या अल्कप्रेमी बॅक्टेरियांचाही अभ्यास केला होता.

सूक्ष्मजीवांच्या प्रोटिएझवर जगभर संदर्भासाठी वापरला जाणारा एक मोठा आढावाही पुण्यातूनच आलाय. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या म्हणजे एनसीएलमधल्या शास्त्रज्ञांनी तो १९९८ साली प्रसिद्ध केला.

एन्झाइमने कामगारांना दमा झाला, तेव्हा...

या गोष्टीला एक काळी बाजूही आहे. १९६० च्या दशकात डिटर्जंट कारखान्यांत एन्झाइम कोरड्या, बारीक भुकटीच्या रूपात यायचं. ती भुकटी हवेत उडायची आणि कामगारांच्या श्वासात जायची. १९६९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या अशा कामगारांना श्वसनाचा आजार झाल्याचं प्रसिद्ध झालं. शरीर या परक्या प्रथिनाविरुद्ध उठत होतं, म्हणजे ॲलर्जी होती.

त्यानंतर एन्झाइमच्या डिटर्जंटना मोठा फटका बसला. मग कंपन्यांनी भुकटीऐवजी मेणासारख्या पदार्थाचं आवरण असलेले दाणे बनवले, जे उडत नाहीत. काही पावडरींमध्ये वेगळे रंगीत दाणे दिसतात. ते सगळेच एन्झाइमचे नसतात, पण एन्झाइम आज अशाच दाण्यांत बंद करून येतं.

कात्रीला नवी धार

रचना कळल्यावर पुढचा प्रश्न होता, ती बदलता येईल का? सबटिलिसिनची एक कमजोरी होती. ब्लीचसारख्या ऑक्सिडीकरण करणाऱ्या पदार्थांनी ते निकामी व्हायचं. कारण २२२ व्या जागेवरचं मेथिओनीन हे अमिनो आम्ल, नेमकं कापणाऱ्या सेरीनच्या शेजारचं. १९८५ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी त्या जागी बाकीची १९ अमिनो आम्लं एकेक करून बसवून पाहिली. काहींनी एन्झाइम ब्लीचपुढे टिकायला लागलं.

फ्रान्सिस अरनॉल्ड यांनी वेगळी वाट धरली. कुठे काय बदलायचं हे आधीच न ठरवता त्यांनी जनुकात यादृच्छिक बदल केले. त्यातून तयार झालेल्या एन्झाइमपैकी चांगली निवडली आणि त्यांच्यात पुन्हा बदल केले. १९९३ साली त्यांच्या गटाने सांगितलं की ६० टक्के डीएमएफ या रासायनिक द्रावकात मूळ सबटिलिसिनपेक्षा २५६ पट जास्त काम करणारा प्रकार मिळालाय. २०१८ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हा २५६ पटींचा दावा करता आला, कारण दोन्ही एन्झाइम शुद्ध करून, त्यांचं काम मोजून तुलना करता येत होती.

मग गोळीतल्या एन्झाइमचं काय?

सेराटिओपेप्टिडेज हे ‘सेराशिया’ या बॅक्टेरियाचं प्रोटिएझ. तो बॅक्टेरिया जपानमध्ये रेशीमकिड्याच्या आतड्यात सापडला. इथून सोशल मीडियावर एक गोष्ट फिरते की याच एन्झाइमने रेशीमपतंग कोश विरघळवून बाहेर येतो. ऐकायला छान आहे, पण खरं नाही. पतंग कोशातून बाहेर येण्यासाठी ‘ककूनेज’ नावाचं एन्झाइम वापरतो आणि ते तो स्वतः बनवतो.

गोळीच्या पाकिटावर ‘१५ मिलिग्रॅम, ३०,००० युनिट’ असं काहीसं लिहिलेलं असतं. आता तुम्हाला याचा अर्थ कळेल. इतकं एन्झाइम, आणि ते इतकं कापतं. जठरातल्या आम्लात ते नष्ट होऊ नये म्हणून त्यावर खास आवरणही देतात.

पण हे एन्झाइम प्रयोगशाळेत प्रथिन कापतं, एवढंच युनिट सांगते. माणसाची सूज त्याने उतरते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर रुग्णांवरच्या चाचणीतूनच मिळतं. ज्या जपानमध्ये हे औषध जन्मलं, तिथे ‘ताकेदा’ कंपनीने पुन्हा चाचण्या केल्या. औषध आणि नुसती खोटी गोळी यांत फरक दिसला नाही. २०११ साली कंपनीने ते स्वतःहून बाजारातून काढून घेतलं. भारतात मात्र ते आजही मिळतं. डॉक्टरांनी दिलेलं औषध मनानेच बंद करू नका, पण ‘याची गरज आहे का?’ हा प्रश्न पुढच्या वेळी नक्की विचारा.

घरी लक्षात ठेवण्यासारखं

- रक्ताचा डाग आधी गार पाण्याने धुवा. गरम पाण्यात प्रथिन उकडलेल्या अंड्यासारखं घट्ट होऊन बसतं.
- एन्झाइमची पावडर उकळत्या पाण्यात टाकू नका. एन्झाइमही प्रथिनच आहे, तेही मोडतं.
- एन्झाइमला वेळ लागतो. डागाचा कपडा थोडा वेळ भिजवून ठेवला तर जास्त उपयोग होतो.
- पैठणी, रेशीम आणि लोकर यांच्यापासून एन्झाइमचं डिटर्जंट लांब ठेवा. रेशीम आणि लोकर हीसुद्धा प्रथिनंच आहेत. कात्रीला डाग कोणता आणि पदर कोणता हे कळत नाही.

‘एन्झाइमयुक्त’ हा शब्द आता साबणापासून फेसवॉशपर्यंत सगळीकडे दिसतो. पुढच्या वेळी तो दिसला की तीन प्रश्न विचारा. कोणतं एन्झाइम? किती युनिट? आणि ज्या कामासाठी विकताय, ते काम त्याने होतं हे कुणी तपासलंय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं प्रयोगशाळेतल्या नळ्यांमधून येतात. तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर पाकिटावरचा शब्द ही फक्त जाहिरात आहे.